राज्यघटनेतील विहीर



गेल्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आमच्या विहारात अभ्यासवर्ग भरला होता. विषय होता भारतीय राज्यघटना. समोर बसलेल्यांत निम्मी घरे अशी होती की ज्यांनी गेल्या दोन-चार वर्षांत बावीस प्रतिज्ञा घेऊन धम्मात पाऊल ठेवले आहे. वर्ग संपत आला तेव्हा ऊसतोडीला जाणाऱ्या एका भगिनीने विचारले, "गुरुजी, घटना बाबासाहेबांनी लिहिली. घटनेत समदे सारखे हायेत म्हणता. मग आमच्या गावात अजून मसनवाटा दोन का?"

मी उत्तर दिले, पण ते मलाच पटले नाही. "घटना चांगली आहे, राबवणारे चांगले नाहीत," असे आपण सभेत नेहमी म्हणतो. ते खोटे नाही. परंतु राबवणारे आकाशातून पडत नाहीत. ते याच गावांतून, याच घरांतून येतात. तेव्हा खरा प्रश्न असा की, घटना आणि समाज यांचे नाते काय? समाज असतो तशी त्याची घटना होते, की घटना असते तसा समाज घडतो? त्या भगिनीला अर्धवट मिळालेले उत्तर या पाठात पुरे करण्याचा प्रयत्न करतो.

नियम आधी की दोष आधी?

सुरुवात विनयपिटकापासून करू. भगवान बुद्ध वेरंजा येथे वर्षावासात असतानाचा प्रसंग आहे. सारिपुत्तांच्या मनात आले की, ज्या संघाला नियम घालून दिलेले असतात तो संघ दीर्घकाळ टिकतो. म्हणून त्यांनी भगवंतांना विनंती केली की, आपणही आता शिक्षापदे घालून द्यावीत. भगवंतांनी त्यांना थांबायला सांगितले. संघात अजून दोष प्रकट झालेले नाहीत. संघ मोठा होईल, जुना होईल, त्याला लाभ मिळू लागतील, तेव्हा दोष दिसतील, आणि तेव्हा नियम घालून देता येतील, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पुढे वैशालीजवळच्या सुदिन्नाचे प्रकरण घडले आणि पहिले शिक्षापद आले.

म्हणून विनयातील प्रत्येक नियमाच्या आधी एक हकीकत सांगितलेली असते. कोणी काय केले, लोक काय बोलले, भगवंतांनी कसे विचारले, आणि मग नियम काय झाला. या हकीकतीला निदान म्हणतात. वैद्य रोगाचे निदान करतो तो शब्दही हाच, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. नियम जसा दोष पाहून होतो तसा मुलूख पाहून बदलतोही. अवंती-दक्षिणापथात भिक्खू फार थोडे होते. महाकच्चायनांचा उपासक सोण याला उपसंपदा देण्यासाठी दहा भिक्खू जमवायला तीन वर्षे लागली. ही अडचण सोणाने भगवंतांपुढे मांडली, तेव्हा अशा सरहद्दीच्या मुलखात एका विनयधरासह पाच भिक्खू पुरेत अशी मुभा मिळाली. तिकडची जमीन काळी, कठीण, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, म्हणून जाड तळाच्या वहाणा वापरण्याचीही परवानगी मिळाली. आपल्या नगर जिल्ह्यातला शेतकरी हे वाचील तर त्याला हसू येईल, कारण उन्हाळ्यात वाळलेल्या काळ्या रानातून अनवाणी चालणे म्हणजे काय हे त्याला सांगावे लागत नाही.

आता हीच नजर राज्यघटनेकडे वळवू. आपण घटनेचे कलम वाचतो, पण त्याचे निदान वाचत नाही. कलम १५ चा दुसरा भाग उघडा. तेथे दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला त्यांच्या वापरास मज्जाव करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. एका महान देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहीर कशाला आली? अमेरिकेची घटना पाहा, तिच्यात विहीर नाही. कारण उघड आहे. ज्या समाजात पाणी अडवले जाते त्याच समाजाच्या घटनेत विहीर लिहावी लागते.

या कलमाचे निदान महाडला आहे. १९२३ साली मुंबई कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला होता की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. म्हणजे कागद तयार होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले तेव्हा काय झाले? सत्याग्रहींना मारहाण झाली आणि तळे गोमूत्र-शेणाने 'शुद्ध' करून घेण्यात आले. मग दावा चालला, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे. कलम १५ मधला 'तलाव' हा शब्द इतका महाग आहे.

घटना समितीतील चर्चेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ विचारला गेला. बाबासाहेबांनी त्याचा अर्थ विस्तृत घेतला. मोबदला घेऊन सेवा देणारा कोणीही त्यात येतो, मग तो न्हावी असो की परीट. ज्या गावात आपल्या माणसाला दाढी करायला तालुक्याला जावे लागे त्या गावचा माणूसच हा अर्थ आधी काढून ठेवील.

अमेरिकेची गोष्ट निघालीच आहे म्हणून एवढे सांगतो. १७८७ सालच्या त्यांच्या घटनेत लोकसंख्या मोजताना गुलामांना तीन-पंचमांश धरण्याची तरतूद होती. पण 'गुलाम' हा शब्द मूळ घटनेत कोठेच नाही. आडवळणाने लिहिले होते. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली तेव्हा कोठे तो शब्द घटनेत आला. घटना समाजाचा आरसा असते म्हणतात, पण आरशासमोर उभे राहून तोंड फिरवणाराही असतो. आपल्या घटनेने तसे केले नाही. कलम १७ ने अस्पृश्यता हा शब्द नाव घेऊन लिहिला आणि ती नष्ट केली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी हे कलम घटना समितीत मंजूर झाले. त्या वेळी सभागृहात जयजयकार झाला तो महात्मा गांधींचा! मसुदा मांडणारे समोर बसले होते. आरसा कोणता चेहरा दाखवत होता याची एवढी एक नोंद पुरे.

वतन : गावाची खरी घटना

तिसरे कलम २३. वेठबिगार आणि सक्तीचे श्रम यांना बंदी. याचे निदान शोधायला महाडला जाण्याची गरज नाही. ते आपल्या जिल्ह्यात, आपल्या आजोबांच्या अंगावर आहे.

१९५० पूर्वी आपल्या गावांना घटना नव्हती असे समजू नका. होती, फक्त ती छापलेली नव्हती. वेशीच्या आत कोण, बाहेर कोण, पाटलाच्या ओट्यावर कोण बसणार, चावडीपुढे कोण उभा राहणार, मेलेले ढोर कोण ओढणार, मयताचा सांगावा घेऊन परगावी कोण धावणार, हे सारे ठरलेले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली या व्यवस्थेवर पुस्तक लिहिले आणि त्याला 'गांव-गाडा' हे नाव दिले. गाडा चालतो, पण जू कोणाच्या मानेवर असते हे गाड्यात बसलेल्याला दिसत नाही. घुंगराची काठी घेऊन येसकरकीच्या पाळीवर जाणाऱ्याला दिसते.

या न छापलेल्या घटनेला इंग्रज सरकारने छापील आधार दिला, तो १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने. लोक त्याला वतन कायदा म्हणत. महाराला हाडकी-हाडवळ्याची थोडी जमीन आणि गावाकडून बलुते. त्याच्या बदल्यात सरकारचे आणि गावाचे काम, दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका. काम सरकारचे, पण पोट रयतेच्या हातात. रयतेची मर्जी गेली की बलुते बंद. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. नेमलेला माणूस हजर नसेल तर त्याच्या घरातल्या कोणालाही कामाला धरता येते, म्हणजे पगार एकाचाही धड नाही आणि चाकरीला सबंध कुटुंब बांधलेले, हे त्यांनी सभागृहाला दाखवून दिले. प्रवर समितीत त्या बिलाचा जीव काढून घेतल्यावर १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले. १९३७ साली पुन्हा मांडले.

मग १६ डिसेंबर १९३९. आपल्या जिल्ह्यात, आज श्रीरामपूर तालुक्यात असलेल्या साखर कारखान्याच्या हरेगावला, महार-मांग वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत भरली. वतनाच्या जमिनीवर लादलेल्या वाढीव जुडीचा प्रश्न पेटला होता. १९४२ ते ४५ या काळात नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी ग्रंथ लिहिला, हे आमच्या शाळेतील मुले घडाघडा सांगतात. हरेगावला काय झाले हे किती जणांना सांगता येईल? आपल्याच मुलांना विचारून पाहा. घटनेच्या कलम २३ चे एक पान तेथे लिहिले गेले.

आता गंमत पाहा. गंमत कसली म्हणा! २६ जानेवारी १९५० ला वेठीला बंदी करणारी घटना अमलात आली, पण कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा झाला १९५८ साली आणि अमलात आला १ ऑगस्ट १९५९ ला. नऊ वर्षे दोन्ही घटना एकाच गावात नांदत होत्या. दिल्लीत एक, चावडीत दुसरी.

तेव्हा त्या भगिनीच्या प्रश्नाचा पहिला भाग येथे सुटतो. घटनेत समाजाचे प्रतिबिंब असते हे खरे. पण आपल्या घटनेत एकाच समाजाचे दोन बाजूंनी घेतलेले प्रतिबिंब आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्यांविषयी अत्यंत कठोर भाषा वापरली होती आणि मसुद्यात गावाऐवजी व्यक्तीला घटक मानले याचा आनंद व्यक्त केला होता. सभासदांना ते झोंबले. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींच्या संघटनेचे कलम, जे आज कलम ४० आहे, दुरुस्तीने आत आले आणि बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली. म्हणून घटनेत दोन गावे आहेत. कलम ४० मधले गाव वेशीच्या आतून पाहिलेले आहे, कलम १७ मधले गाव वेशीच्या बाहेरून. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीत अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रिया यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या, तेव्हा कोठे त्या दोन गावांची एका छपराखाली गाठ पडली. तेथेही खुर्चीवर बाई आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात, हा प्रकार आपण पाहतोच.

प्रश्नाचा दुसरा भाग कठीण आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सावध केले होते की, आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करीत आहोत. राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती आपल्या जिल्ह्यात कशी दिसते? २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे आपल्या समाजातील एका शाळकरी मुलाचा खून झाला. घटना होती. १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा होता. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा होता. पोलीस, वकील, न्यायालय सगळे होते. साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. न्यायालय पुराव्यावर चालते, त्याला दोष देऊन भागत नाही. पण पुरावा कोठून येतो? तो गावाच्या तोंडातून येतो. गावाने तोंड मिटले की घटनेला वाचा राहत नाही. मी शिक्षक आहे. त्या वयाची मुले रोज माझ्यासमोर बाकावर बसतात, त्यामुळे या प्रकरणावर मला यापेक्षा जास्त लिहवत नाही.

आपल्या घराचा कायदा

येथपर्यंत वाचून काही वाचकांना समाधान वाटले असेल. गाव वाईट, सवर्ण वाईट, आपण चांगले. वर्गातही माझ्या तोंडून असेच काहीसे निघाले आणि टाळ्या पडल्या. घरी येताना मात्र मन खात होते. कारण गावाला जशी न छापलेली घटना असते तशी ती प्रत्येक घरालाही असते, आणि माझ्या घरची मला माहीत आहे.

वतन कायद्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. १८८६ साली मुंबई सरकारने पाचवा कायदा करून वतनाचा वारसाक्रम ठरवला. शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडली तर वतनदार घराण्यातल्या बाकी साऱ्या स्त्रिया पुरुष वारसांच्या मागे. मुलगी असूनही तिच्यापुढे दूरचा पुरुष भाऊबंद उभा. आता ही दोन कलमे शेजारी ठेवून पाहा. राबायला घरातील कोणीही चालत होते. वारशाला मात्र पुरुष पाहिजे.

माझी आत्या १९५० च्या सुमाराची. आमच्या गावाने तोवर गावकीची कामे सोडली नव्हती. आजोबा आजारी पडले की आठ वर्षांची आत्या डोक्यावर टोपले घेऊन भाकरी गोळा करायला जाई आणि चावडीपुढची झाडलोटही करी. वतनाच्या चाकरीला ती चालली. पुढे वतने गेली, जमीन आजोबांना रीग्रँट झाली, सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागले. आमच्या घराने धम्मदीक्षा घेतली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आले. आजोबा २००८ साली वारले. दुसऱ्या वर्षी वडील आणि चुलते आत्याला घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेले. हक्कसोडपत्र करायचे होते. मी तेव्हा बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो, घरातला पहिलाच. राज्यशास्त्र हा माझा विषय, आणि त्या सत्रात पेपर होता भारतीय राज्यघटनेचा. कागद वाचून दाखवायला मला बरोबर नेले. मी मोठ्याने वाचला. आत्याने अंगठा दिला. बदल्यात साडी-चोळी झाली, जेवण झाले. मूलभूत हक्कांवर मला त्या वर्षी चांगले गुण पडले.

कोणी म्हणेल, कायद्यातच तसे असेल. नव्हते. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि त्याने बापाच्या मालमत्तेत मुलीला मुलाबरोबर वारस केले. (त्या कायद्याच्या नावात 'हिंदू' का आणि आपल्याला तो का लागू, हा वेगळा पाठ आहे, पुढे केव्हातरी.) महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. बाप २००५ साली हयात असो वा नसो, हा हक्क मुलीला आहेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले त्याचा गाभा हाच होता. एका बाजूला त्या राजीनाम्याचे आपण व्याख्यान देतो आणि दुसऱ्या बाजूला बहिणीचा अंगठा घेतो. १८८६ चे कलम सरकारने कधीच पुसले. आमच्या घरात ते २००९ पर्यंत चालू होते.

आत्या तेव्हा काही बोलली नाही. सगळे म्हणाले, तिची संमती आहे.

संमती या शब्दापाशी पुन्हा विनयाकडे येतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबरच्या त्याच भाषणात सांगितले होते की, भिक्खुसंघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, शलाका घेऊन मतदान, सारे होते. त्यांतील ठरावाची पद्धत पाहण्यासारखी आहे. उपसंपदेसारख्या महत्त्वाच्या कामात आधी ज्ञप्ती म्हणजे प्रस्ताव संघापुढे ठेवतात. मग तीच गोष्ट तीन वेळा संघाला ऐकवतात. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, असे दर वेळी सांगतात. तीनही वेळा कोणी बोलले नाही तरच मौन म्हणजे संमती धरतात. आणि बोलणाऱ्याला बोलता यावे म्हणून मुळात बसण्याची जागाच बदललेली होती. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांनी आपल्या न्हाव्याला, उपालीला, आपल्या आधी प्रव्रज्या द्यावी अशी विनंती केली. आम्हा शाक्यांना फार अभिमान आहे, उपाली आधी झाला म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान उतरेल, असे त्यांनीच सांगितले. संघात ज्येष्ठता प्रव्रज्येच्या क्रमाने, जन्माने नाही. एवढा एक नियम बदलला आणि कपिलवस्तूत जो मागे उभा राहत असे तो पुढे बसला. पुढे विनयाचा सर्वांत मोठा जाणकार तोच झाला.

आमच्या घरात आत्याला तीन वेळा कोणी विचारले होते? एकदाही नाही. मीच तो कागद वाचला होता, म्हणून मला माहीत आहे. वाचणे म्हणजे विचारणे नव्हे.

दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेलो. ती आता पंच्याहत्तरीच्या घरात आहे. मी म्हणालो, "आत्या, तेव्हा तुला जमीन पाहिजे होती का?" ती बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मला आता काय करायचीय रे बाळा जमीन? पण इचारायचं तरी व्हतं." मी हे वडिलांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. काही दिवसांनी आपल्या हिश्श्यात माझ्या दोन्ही बहिणींचा वाटा राहील, कोणाकडून कसलाही कागद घ्यायचा नाही, असे ते सर्वांसमोर म्हणाले. धाकटे चुलते उठून गेले. ते अजून आमच्याकडे नीट बोलत नाहीत, आणि त्यांच्या मुलीचा प्रश्न तसाच आहे. चुलत्यांच्या ओसरीवरही बाबासाहेबांचा फोटो आहे. मला त्यांचा राग येत नाही, कारण २००९ साली मी त्यांच्या बाजूने कागद वाचत होतो.

दोन मसनवाट्यांचा प्रश्न विचारणाऱ्या भगिनीला माझे म्हणणे असे आहे : ताई, ती दुसरी स्मशानभूमी हटवण्यासाठी ग्रामसभेत अर्ज करा, कलम १५ आणि कलम १७ चा उल्लेख करा, पोच घ्या, आम्ही बरोबर येतो. ते गावाचे काम झाले. तुमच्या घरात ऊसतोडीची उचल कोणाच्या हातात येते आणि कोयता किती हातांत असतो, तेही एकदा मांडून पाहा. कोयता नवरा-बायको दोघांचा असतो, उचलीच्या कागदावर सही एकाचीच असते.

पुढील वर्गासाठी अभ्यास असा. ज्यांची जमीन आहे त्यांनी घरचा सातबारा आणि आठ-अ घेऊन यावे. ज्यांची नाही त्यांनी ग्रामपंचायतीतला घराचा नमुना आठचा उतारा आणावा. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत आणि कोणाची असायला हवी होती, हे आपण वर्गात एकत्र वाचू. ज्या घरात हक्कसोडपत्र झाले असेल त्यांनी तेही आणावे, लाजू नये. मी माझ्या घरचे आणणार आहे. मुली आणि बहिणींना बरोबर आणावे, आणि विहारात त्यांना पुढच्या रांगेत बसवावे. वर्ग सकाळी दहाला वंदना झाल्यावर सुरू होईल.

जयभीम. नमो बुद्धाय.